पायांखालचें धन : सतरंजी, घोंगडें व गालिचा यांची निगा

ज्या वस्तूंवर आपण रोज बसतों, उठतों व चालतों, त्यांच्याकडे आपलें लक्ष क्वचितच जातें. भिंतीवरील तसबीर थोडी वांकडी झाली तर घरांतील कोणी तरी ती तत्काळ सरळ करतो. परंतु तिच्याच खालीं अंथरलेल्या गालिच्याच्या कांठाला कसर लागली आहे, हें घरच्या मंडळींस वर्ष वर्ष कळत नाहीं. मग एके दिवशीं पाहुणे यावयाचे असतात, बिछायत झटकली जाते, आणि हातीं येतो तो भोंकें पडलेला व कुबट वास मारणारा एक तुकडा. अशा वेळीं आपण दोष देतों तो पावसाळ्याला. पावसाळ्याचा दोष आहेच. पण अर्धा दोष आपल्या अज्ञानाचा असतो. तें अज्ञान दूर करण्याचा या लेखाचा उद्देश आहे.

विद्यार्थिमित्रांनो, प्रथम एक तत्त्व ध्यानांत धरा : ज्याची शुश्रूषा करावयाची त्याची प्रकृति आधीं ओळखली पाहिजे. एकच औषध सर्व रोग्यांना देणारा वैद्य जसा विश्वासास पात्र नव्हे, तसाच सतरंजी, घोंगडें व गालिचा यांना एकाच बादलींत एकाच साबणानें धुणारा गृहस्थ शहाणा नव्हे. कारण या वस्तु दिसावयास एका कुळांतल्या असल्या, तरी त्यांचे धागे अगदीं भिन्न कुळांतले आहेत.

सतरंजी व जाजम हीं कापसाचीं. पूर्वीं आपल्या मुंबई इलाख्यांत मोडणाऱ्या धारवाड जिल्ह्यांतील नवलगुंद या गांवचे सुती जमखाने अद्याप प्रसिद्ध आहेत, व ते तेथील स्त्रिया हातमागावर विणतात. घोंगडें हें दख्खनी मेंढीच्या लोकरीचें. धनगर व सनगर या समाजांनीं तें पिढ्यान्‌पिढ्या विणलें, आणि त्याच्या सुतास ताठपणा यावा म्हणून चिंचोक्याची खळ दिली. गालिचा म्हणजे ज्यास लव असते तो. उभ्या धाग्यांवर लोकरीच्या किंवा रेशमाच्या गांठी मारून ही लव उभी केलेली असते. काश्मीर, आग्रा, जयपूर आणि भदोही-मिर्झापूर हीं या कामाचीं नांवाजलेलीं स्थळें होत. आपल्या महाराष्ट्रांतहि ही कला अगदींच अपरिचित नव्हती. पुण्यानजीक येरवड्याच्या तुरुंगांत एकोणिसाव्या शतकांत कैदी गालिचे विणीत असत. खुद्द ठाणें शहराचाहि लोकरीशीं जुना संबंध आहे. येथें १९२५ सालीं लोकरीची गिरणी निघाली, आणि १९४४ सालीं ती सिंघानिया घराण्याकडे आली. रेमंड हें तिचें नांव पुढें देशभर झालें. आज ती गिरणी येथें चालत नाहीं. परंतु लोकरीचे गुणदोष ठाणेंकरांस परके वाटूं नयेत, इतका तरी हा संबंध जवळचा आहे.

यांखेरीज काथ्याचीं पायपुसणीं, तागाच्या पट्ट्या व गवताच्या किंवा पात्यांच्या चटया आहेत. आणि अलीकडे घरोघर शिरलेला जो प्रकार, तो कृत्रिम धाग्यांचा. नायलॉन, पॉलिएस्टर व पॉलिप्रॉपिलीन हे धागे रसायनांपासून बनतात, स्वस्त पडतात व पाण्यास भीत नाहींत. मात्र दुकानांत ‘रेशमी’ म्हणून मांडलेला चकचकीत गालिचा पुष्कळदां खऱ्या रेशमाचा नसून व्हिस्कोज नांवाच्या कृत्रिम रेशमाचा असतो. हा धागा भिजला म्हणजे फार दुबळा होतो व वाळतांना पिंवळट डाग धरतो.

मग धागा ओळखावा कसा? गालिच्याच्या झालरींतून व लवेंतून एक एक सूत काढावें, आणि वडील माणसास जवळ बसवून तें चिमट्यानें दिव्याच्या ज्योतीवर धरावें. कापूस कागदासारखा भुरकन जळतो व त्याची मऊ करडी राख होते. लोकर व रेशीम कष्टानें जळतात, केस जळल्यासारखा वास येतो, आणि मागें काळी, बोटानें सहज चुरडणारी गुठळी राहते. कृत्रिम धागा बहुधा वितळतो व त्याचा कठीण मणी बनतो. व्हिस्कोज तेवढें कापसासारखें जळतें, आणि त्यामुळेंच रेशमाचें सोंग उघडें पडतें. दुसरी परीक्षा याहून सोपी आहे. गालिचा उलटा करून पाठ पाहावी. पाठीवर नक्षी जशीच्या तशी उमटलेली असून गांठी मोजतां येत असतील, तर तो गांठी मारून विणलेला होय. पाठीला जाडें कापड चिकटविलेलें असेल, तर त्याची लव गांठींनीं नव्हे, तर रबराच्या चिकानें धरून ठेवलेली आहे असें समजावें. अशा गालिच्यास पाण्यांत बुडविणें म्हणजे त्याचा नाश करणें होय; चीक सुटतो, दुर्गंधि येते व लव गळूं लागते.

आतां गालिच्याचा सर्वांत मोठा शत्रु कोण, असें विचारल्यास बहुतेक लोक ‘डाग’ असें उत्तर देतील. तें बरोबर नाहीं. डाग दिसतो, म्हणून आपण त्यावर तुटून पडतों. खरा घात करते ती न दिसणारी धूळ. रस्त्यावरील बारीक वाळूचा कण भिंगांतून पाहिला तर त्यास धारदार कडा दिसतात. हे कण लवेच्या मुळाशीं जाऊन बसतात, आणि आपण चाललों कीं प्रत्येक पावलागणिक धाग्यांस कापीत राहतात. दाराजवळ गालिचा प्रथम झिजतो त्याचें कारण हेंच. म्हणून उत्तम उपाय अगदीं सोपा आहे : वाहणा बाहेर काढाव्या, व दाराशीं काथ्याचें जाडें पायपुसणें ठेवावें. आपल्या वडीलधाऱ्यांनीं चपला उंबरठ्याबाहेर ठेवण्याची जी शिस्त घालून दिली, ती गालिच्याच्या दृष्टीनेंहि शहाणपणाची आहे.

धूळ काढण्याची रीत धाग्याप्रमाणें बदलते. सतरंजी दोघांनीं चार टोकें धरून झटकावी. घोंगडें दांडीवर टाकून वेताच्या छडीनें हलकेच बडवावें. लवेचा गालिचा मात्र पालथा घालून पाठीकडूनच थोपटावा, म्हणजे मुळाशीं बसलेली रेती खालीं गळून पडते. मग तो उलटून लवेच्या दिशेनें मऊ झाडूनें झाडावा. लवेवरून हात फिरवितांना ज्या दिशेस ती मऊ लागते ती तिची दिशा. जुन्या गालिच्यास कांठाला धरून जोरानें झटका देऊं नये. त्यानें टोकाचे धागे तुटतात.

झाडण्यानें धूळ उडते व पुन्हां तेथेंच बसते, ही अडचण सर्व जगास भेडसावीत होती. विसाव्या शतकाच्या आरंभीं लंडनमध्यें ह्यूबर्ट सेसिल बूथ या अभियंत्यानें असा विचार केला कीं, धूळ फुंकून उडविण्याऐवजीं ती शोषून कां घेऊं नये? १९०१ सालीं त्यानें आपल्या यंत्राचें पेटंट घेतलें. तें यंत्र इतकें मोठें होतें कीं घोड्यांच्या गाडीवरून आणून रस्त्यांत उभें करीत, आणि लांब नळ्या खिडक्यांतून घरांत सोडीत. १९०२ सालीं सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकापूर्वीं वेस्टमिन्स्टर ॲबेमधील गालिचे या यंत्रानें स्वच्छ करण्यांत आले. आज त्याच यंत्राचा वंशज आपल्या खोलीच्या कोपऱ्यांत मावतो. तो वापरतांना झालरीवरून फिरवूं नये, व हाताच्या गांठींच्या गालिच्यावर फिरता ब्रश लावूं नये. केवळ शोषण पुरेसें आहे.

धूळ निघाल्यावर पाण्याचा विचार. कापूस भिजला म्हणजे दुबळा न होता उलट बळकट होतो. म्हणून सतरंजीस बडवून, घांसून धुतलें तरी ती तें सोसते. लोकरीचें तसें नाहीं. लोकरीच्या केसावर माशासारखे सूक्ष्म खवले असतात. ऊन पाणी, साबण व चोळणें हीं तीन एकत्र आलीं कीं ते खवले एकमेकांत अडकतात, आणि पुन्हां सुटत नाहींत. घोंगडें आक्रसतें व पुठ्ठ्यासारखें जाड होतें. शिवाय लोकर व रेशीम हे प्राणिज पदार्थ असल्यामुळें धुण्याच्या सोड्यासारख्या क्षारांनीं त्यांची हानि होते, आणि कपडे पांढरे करण्याचें क्लोरीनयुक्त द्रावण तर लोकर चक्क विरघळवून टाकतें. म्हणून लोकरीस गार पाणी व रिठा हाच उत्तम मार्ग. मूठभर रिठे फोडून, बिया काढून रात्रभर भिजत घालावे, सकाळीं कुसकरून गाळून घ्यावे, व त्या फेसाळ पाण्यांत घोंगडें न चोळतां नुसतें दाबून धुवावें. पिळूं मात्र नये. धुतल्यावर चिंचोक्याची खळ निघून घोंगडें मऊ पडतें. तें बिघडलें असें समजण्याचें कारण नाहीं.

कोणतीहि रंगीत बिछायत धुण्यापूर्वीं रंगाची परीक्षा अवश्य करावी. पांढरें फडकें ओलें करून नक्षीच्या प्रत्येक रंगावर कांहीं मिनिटें दाबून धरावें. फडक्यावर रंग उतरला, तर ती वस्तु घरीं धुवूं नये. जाणत्या धुलाईवाल्याकडे द्यावी. तागाच्या पट्टीस पाणी लावणेंच चुकीचें; तिच्यावर तपकिरी डाग उमटतात व धागा सडतो. काथ्याला पाण्याचें भय नाहीं. चटई ओलसर फडक्यानें पुसून सावलींत उभी करावी.

वाळविण्यांत सर्वांत अधिक चुका होतात. भिजलेला गालिचा कित्येक पट जड होतो, आणि एकाच दोरीवर टाकला कीं आपल्याच भारानें मधोमध ताणला जातो. त्यास आडव्या बांबूंच्या जोडीवर किंवा बाजेवर पसरावें, म्हणजे वारा दोहों बाजूंनीं लागतो. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओलावा पोटांत घेऊनहि हातास कोरडी लागते; म्हणून वरून वाळलेली दिसली तरी तिला आणखी एक दिवस वाऱ्यावर ठेवावें. कांठ व झालर यांच्या जाड भागावर तळहात ठेवून गारवा लागतो कीं काय तें पाहावें.

डागांचें शास्त्र दोन वाक्यांत सांगतां येईल. डाग पडतांच टिपून घ्यावा, चोळूं नये. आणि कडेकडून मध्याकडे यावें, मध्याकडून कडेकडे जाऊं नये. बाकीचें ज्याच्या त्याच्या रसायनावर अवलंबून आहे. दूध, अंडें व रक्त यांतील प्रथिनें उष्णतेनें गोठतात. यांस गारच पाणी. तेलातुपाचा डाग पडल्यास त्यावर डाळीचें पीठ किंवा अंगाला लावण्याची पावडर भुरभुरावी, तास दोन तास राहूं द्यावी व मग झाडून टाकावी. मेण सांडलें तर तें थंड होऊन कडक होऊं द्यावें, बोथट चमच्यानें खरडावें, आणि उरलेल्यावर टीपकागद ठेवून मंद इस्तरी फिरवावी. कृत्रिम धाग्यावर मात्र इस्तरी नको, कारण तो मेणासारखाच वितळतो. गणेशोत्सवांत बिछायतीवर गुलाल सांडतो, आणि घाईनें कोणी तरी ओलें फडकें घेऊन धांवतो. त्यामुळें रंग विरघळून धाग्यांत भिनतो. गुलाल कोरडा असतांनाच शोषून किंवा झटकून काढावा.

हळदीकुंकवाच्या समारंभांतील हळदीचा डाग ही तर विज्ञानाच्या वर्गांतील प्रयोगासारखी गंमत आहे. पिंवळ्या डागास साबण लावतांच तो तांबडा होतो आणि गृहिणी घाबरते. वस्तुतः हळदीमधील कुर्कुमिन हें रंगद्रव्य क्षाराच्या स्पर्शानें लाल होतें, एवढाच त्याचा अर्थ. साबण धुवून काढला कीं पिंवळेपण परत येतें. आणि हेंच द्रव्य सूर्यप्रकाशांत टिकत नसल्यामुळें सुती सतरंजी दोन-तीन दिवस उन्हांत घातल्यास डाग फिका पडत जातो.

परंतु जें ऊन हळद घालवितें, तेंच गालिच्याचा रंगहि घालवितें. लंडनच्या व्हिक्टोरिया व अल्बर्ट संग्रहालयांत इराणांतील अर्दबीलचा प्रख्यात गालिचा आहे. त्यावर विणलेल्या तारखेवरून तो इसवी सन १५३९-४० चा ठरतो. हा अमोल ठेवा जपण्याकरितां तेथें दिवे सदासर्वदा लावीत नाहींत. दर अर्ध्या तासानें फक्त दहा मिनिटें लावतात. आपल्या घरीं इतका निर्बंध नको; पण खिडकीसमोरच्या गालिच्यावर पडदा ओढावा, व दर सहा महिन्यांनीं त्याचीं टोकें उलटसुलट फिरवावीं, म्हणजे झीज व उडालेला रंग सर्वत्र सारखा राहील. ऊन द्यावयाचें तें सकाळचें, थोडा वेळ व पाठीला.

आतां कसरीविषयीं. गालिचा खातो तो उडणारा पतंग नव्हे. त्याची अळी खाते. लोकर व केंस ज्या पदार्थाचे बनतात तो केराटिन तिचें अन्न. तिला अंधार आवडतो, निवांतपणा आवडतो आणि मळ आवडतो; म्हणून ती कपाटाखालीं गेलेल्या भागांत किंवा वर्षभर न उघडलेल्या गुंडाळींत सांपडते. कडुलिंबाच्या पाल्यावर लोकांचा मोठा भरंवसा असतो. तो फार तर पतंगास दूर ठेवील, पण आंत शिरलेल्या अळीस मारणार नाहीं. डांबराच्या गोळ्या बंद पेटींत कांहीं काम करतात, परंतु त्या घरांत पसरून ठेवणें धोक्याचें आहे. त्यांतील नॅफ्थलीन पोटांत गेल्यास विष आहे. आणि ज्या अर्भकांच्या रक्तांत विशिष्ट पाचकद्रव्याची जन्मतः उणीव असते, त्यांच्या तांबड्या पेशी या वासाच्या वस्त्रांत गुंडाळल्यानेंहि फुटून कावीळ होते. ज्या घरीं तान्हें मूल आहे, त्या घरीं या गोळ्या नकोतच. सर्वोत्तम उपाय फुकट आहे : महिन्यांतून एकदां बिछायत उचलावी, उलटावी, झाडावी आणि उजेड दाखवावा. शांततेचा भंग झाला कीं कसर टिकत नाहीं.

थंडीहि कसरीस मारते. अनेक संग्रहालयांत लोकरी वस्तु बंद पिशवींत घालून अति थंड पेटींत कांहीं दिवस ठेवतात. थंडी व बर्फ काय रक्षण करूं शकतात याचें नवल १९४९ सालीं जगानें पाहिलें. सैबेरियांतील अल्ताई पर्वतांत पाझिरिक येथील थडग्यांत रशियन संशोधक रुदेन्को यांस एक गालिचा मिळाला. सुमारें तेवीस-चोवीस शतकें तो बर्फांत गोठून राहिला होता, आणि त्यावरील हरणें व घोडेस्वार अद्याप ओळखतां येतात.

आपल्याकडे बर्फ नाहीं. आहे तो पाऊस. ठाणें व कल्याण-डोंबिवली या भागांत वर्षाकांठीं अडीच हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्याचा बहुतेक सर्व भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. या दिवसांत हवा इतकी दमट असते कीं धूळ व ओलावा यांवर बुरशी आपोआप उगवते. म्हणून लोकरी गालिचा मे महिन्याच्या अखेरीस, कडक ऊन असतांनाच स्वच्छ करून, पुरता कोरडा करून ठेवून द्यावा. त्याची घडी घालूं नये. घडीच्या रेषेवर धागे तुटतात. लवेच्या दिशेनें गुंडाळी करावी, धुतलेल्या सुती चादरींत लपेटावी, व जमिनीपासून उंच ठेवावी. प्लॅस्टिकचें आवरण ओलावा बाहेर जाऊं देत नाहीं. तें दीर्घकाल ठेवणीस वर्ज्य. उघडीप मिळतांच गुंडाळी सोडून वारा द्यावा. पावसाळ्यापुरती सतरंजी किंवा चटई वापरावी. ती लवकर धुतां व वाळवितां येते.

याहून गंभीर प्रसंग पुराचा. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि उल्हास नदीकांठच्या कल्याण, बदलापूर वगैरे गांवांतील कित्येक घरांत पाणी शिरलें. त्या पुरानंतर मुंबईंत लेप्टोस्पायरोसिस या तापाची सांथ पसरली, हें अनेक पालकांस आठवत असेल. २०१९ च्या जुलैंतहि बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान पुराच्या पाण्यांत एक आगगाडी अडकून पडली होती. अशा पाण्यांत गटाराची घाण व उंदरांचें मूत्र मिसळलेलें असतें. म्हणून भिजलेल्या बिछायतीस हात लावण्यापूर्वीं रबरी हातमोजे घालावे, व पायांत जखम असलेल्यानें त्या कामांत पडूं नये. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांच्या आंत जें वाळवितां येत नाहीं, त्यांत बुरशी धरते. सुती सतरंजी ऊन पाणी व साबण यांनीं धुवून वांचवितां येते. परंतु पाठीला फोम किंवा चिकटविलेलें कापड असलेला गालिचा घाण पाण्यांत बुडाला असेल, तर तो कितीहि किंमतीचा असो, टाकून द्यावा. आणखी एक सूचना प्राणमोलाची आहे : फरशी धुतांना ब्लीचिंग पावडर व संडास धुण्याचें ॲसिड हीं कधींहि एकत्र करूं नयेत. त्यांच्या संयोगानें क्लोरीन वायु निघतो, व कोंडलेल्या खोलींत तो घातक ठरतो.

शेवटीं एक नाजूक प्रश्न. गालिचा घरांत असावाच काय? ज्या घरीं दम्याचें मूल आहे, तेथें हा प्रश्न पालकांनीं मनावर घ्यावा. गालिच्याच्या लवेंत डोळ्यांस न दिसणारे धुळीचे किडे राहतात. आपल्या कातडीचे गळलेले सूक्ष्म कण हें त्यांचें अन्न, आणि दमट हवा हें त्यांचें जीवन. त्यांच्या विष्ठेनें कित्येकांस शिंका येतात, व दमा बळावतो. अशा मुलाच्या निजण्याच्या खोलींतून लवेचा गालिचा काढून टाकावा, आणि तेथें ऊन पाण्यानें वरचेवर धुतां येईल अशी पातळ सतरंजी घालावी. आजोबांच्या काळचा गालिचा प्रिय असतो हें खरें. पण नातवाचा श्वास त्याहून प्रिय आहे. तो गालिचा बैठकीच्या खोलींत राहील, त्याचा मान तेथें राखतां येईल.

बाळगोपाळांनो, येत्या सुट्टींत आपल्या घरची एक तरी बिछायत उलटून पाहा. तिचा धागा ओळखा, तिची पाठ पाहा, ती कोठून आली हें आजीला विचारा. ज्या विणकरानें एकेक गांठ मारण्यांत महिनेच्या महिने खर्चिले, त्याच्या श्रमांस आपल्या पांच मिनिटांच्या झाडण्याची जोड मिळाली, तर ती वस्तु आपल्या मुलाबाळांच्याहि पायांखालीं राहील. वस्तु विकत घेण्यास पैसा लागतो. ती टिकविण्यास लक्ष लागतें. पैसा सर्वांपाशीं सारखा नसतो, लक्ष मात्र प्रत्येकास देतां येतें.